वेलिंग्टनच का?

“आई, मला घरी यायचंय. मी वेलिंग्टन घेतेय,” स्वानंदी फोनवर म्हणाली, आणि मी म्हटलं, “ते ठीक आहे गं, पण खरं कारण काय?”

आता तुम्हीच सांगा, यात मी काय वावगं बोलले? ही मुलगी अठरा पूर्ण झाल्या झाल्या डनीडनला शिकायला गेली ती अशी, की विमानतळावर मागे वळून हातसुद्धा हलवला नाही. दीड वर्षात रविवारी फोन यायचा, तोही बाबाने आठवण करून दिली तर. मी मराठीत दहा वाक्यं बोलायचे, ती इंग्रजीत एक, “ऑल गुड, आई.” आणि आता तीच म्हणते घरी यायचंय. घर म्हणजे अप्पर हट, वेलिंग्टनपासून ट्रेनने पाऊण तास. इथे संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर शेजाऱ्यांचं मांजर दिसलं तरी आम्ही एकमेकांना बोलावून दाखवतो. विसाव्या वर्षी आपण होऊन कोण येतं इथे राहायला?

फोनवर ती म्हणाली, “हेच कारण आहे.”

“बरं,” मी म्हटलं. पण मला काही ते पटलं नाही.

आधी प्रकरण काय ते सांगते. डनीडनला ती गेली होती माझ्यासारखं औषधांच्या लाइनीत जायला. तिथे गंमत म्हणून कॉम्प्युटरचा एक पेपर घेतला, इकडे विषयालाच पेपर म्हणतात, आणि बाईसाहेब तिकडेच वळल्या. सुरेश, म्हणजे माझा नवरा, स्वतः आयटीतला, त्याला आनंदच झाला. आता जुलैपासून तिला दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जायचं होतं. ऑकलंड आणि वेलिंग्टन, दोन्हीकडे अर्ज केला, दोन्हीकडून होकार आला. ऑकलंडवाले तिचे झालेले सगळे पेपर धरणार होते. वेलिंग्टनवाले गणिताचा एक पेपर धरणार नव्हते, तो पुन्हा करावा लागणार होता. ऑकलंडला बँका, आयटी कंपन्या, सगळं हाकेच्या अंतरावर. शिवाय माझे दीर, हरीशभावोजी, तिथेच सँड्रिंगहॅमला राहतात. त्यांच्याकडे एक खोली रिकामी, आणि घरातून बाहेर पडलं की किराण्यापासून मिठाईपर्यंत सगळं आपलं. कुठलाही शहाणा माणूस काय निवडेल? आणि ही म्हणते वेलिंग्टन! जूनच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत काय ते कळवायचं होतं.

खोटं कशाला बोलू, मला ती घरी हवीच होती. फोन ठेवल्यावर पहिलं काम काय केलं, तर तिच्या पलंगावर वाळत टाकलेले कपडे उचलले आणि पडदे धुवायला काढले. पडदे काढता काढता रडलेसुद्धा. दीड वर्षं मी त्या खोलीचं दार लावून ठेवायचे. हीटरची ऊब वाया जाते, असं सुरेशला सांगायचे. पण पडदे वाळत घालेपर्यंत माझं डोकं चालायला लागलं. मी वेलिंग्टनच्या हॉस्पिटलात औषधांच्या विभागात काम करते. आमच्याकडे एकाने काढलेली गोळी दुसऱ्याने तपासल्याशिवाय वॉर्डात जात नाही. इतकी वर्षं तेच केल्यावर सवय लागते हो. जे अगदी हवं तसं समोर येतं, ते मी दोनदा बघते.

आणि बघायला लागलं की दिसतंच काहीतरी.

दोन दिवसांनी मेसेज आला. “आई, तुझा जुलैचा रोस्टर पाठव ना.” माझा रोस्टर! शाळेत असताना या मुलीला मी कुठल्या शिफ्टला आहे याचा पत्ता नसायचा. फ्रिजवर लावलेला असायचा, तरी मला कामावर फोन करून विचारायची, “आई, तू घरी आहेस का?” मी लिहिलं, “का गं?” तर म्हणे, “सहज.” सहज कोणी कोणाची शिफ्ट विचारतं का? घर कधी रिकामं असतं ते ज्याला बघायचं असतं, तो विचारतो. मी रोस्टर पाठवला. फक्त बुधवारी माझी उशिराची शिफ्ट असते, तिथे सकाळची लिहिली, आणि गुरुवारी सकाळची असते तिथे उशिराची. म्हटलं, बघू या बुधवारी सकाळी घरात कोण येतंय ते.

नंतर सुरू झालं मराठी, तेही स्वयंपाकाचं. “आई, आमटीत गूळ कधी घालतेस, आधी की उकळी आल्यावर?” अगं बाई! ज्या मुलीने सगळी शाळा पीनट बटरवर काढली ती आता आमटी शिकणार? ही कोणाला करून घालायची आहे? मी म्हटलं, “तू कधीपासून आमटी खायला लागलीस?” तर हसली नुसती. पाणी कुठेतरी मुरतंय, हे मला तेव्हाच कळलं. फक्त कुठे ते कळत नव्हतं.

आणि मग ते नाव आलं. फोनवर बोलता बोलता म्हणाली, “गंधार म्हणाला की तो मॅथ्सचा पेपर इतका काही हार्ड नाहीये.”

“गंधार कोण?”

“तिथला सीनिअर आहे. ट्रान्सफर होऊन येणाऱ्या मुलांना हेल्प करतो.”

“आडनाव काय?”

“आई!”

“अगं, आपल्यातला असेल तर ओळखत असेन म्हणून विचारलं.”

परचुरे, म्हणाली. वेलिंग्टनात परचुऱ्यांचं घर एकच, जॉन्सनव्हिलला. मुलाची आई प्रमोदिनी, गणपतीला दोनदा भेटलेली. झालं, माझे सगळे धागे जुळले. रोस्टर, आमटी, गणिताचा पेपर पुन्हा करायची तयारी, नि ऑकलंडवर पाणी सोडणं.

रात्रीच्या जेवणाला सुरेशला सांगितलं. तो म्हणाला, “तुला मुलगी घरी हवी आहे ना?”

“हो.”

“ती येतेय ना?”

“अरे, पण का येतेय?”

“मैत्रेयी, तू ना, देव प्रसन्न झाला तरी त्याच्याकडे आधी ओळखपत्र मागशील.”

तो भात कालवायला लागला. या माणसाला कधी कशाचा संशय म्हणून येत नाही. घर विकत घेताना छत गळतंय का हे मी शिडीवर चढून बघितलं होतं, आणि हा खाली उभा राहून एजंटला “स्वीट ॲज”, म्हणजे एकदम झकास, म्हणत होता. छत गळत होतं.

मी दुसऱ्या दिवशी आशालताकाकूंना फोन लावला. लोअर हटच्या आशालताकाकू म्हणजे आमच्या मराठी मंडळाचं चालतंबोलतं चौकशी खातं. कोणाचा मुलगा कुठे शिकतो, कोणाची सून माहेरी का गेली, सगळं त्यांना ठाऊक. मी जरा इकडचं तिकडचं बोलले, थंडीचं, गुडघ्याचं. मग म्हटलं, “काकू, तो परचुऱ्यांचा गंधार कसा मुलगा आहे हो?”

“कसा म्हणजे?”

“म्हणजे वळण कसं आहे, घरचे कसे आहेत. आपलं सहज विचारलं.”

काकू म्हणाल्या, “पण तुमची स्वानंदी लहान आहे ना अजून?”

“हो, हो. घाई काहीच नाही. पण माहिती असलेली बरी, नाही का?”

तिथे मी सरळ सांगायला हवं होतं, कबूल आहे. पण काय सांगणार होते? की माझी मुलगी घरी यायचं म्हणतेय आणि मला खरं वाटत नाही? असं कोणी परक्या बाईला सांगतं का? आपल्याकडे अशा गोष्टी आडवळणानेच विचारतात. “समजलं मला,” काकू म्हणाल्या, “तू निर्धास्त राहा.” त्यांना काय समजलं ते मी विचारलं नाही.

आठवड्याभरात त्यांचा फोन आला. मुलगा गुणी आहे, सिगारेट नाही, दारू नाही, शेवटच्या वर्षाला आहे, तबला वाजवतो, आईला घरात मदत करतो, उंची चांगली पाच फूट दहा इंच. उंची मी विचारली नव्हती. पण काकूंची सवयच तशी, म्हणून सोडून दिलं.

परीक्षा संपवून जूनच्या तिसऱ्या आठवड्यात स्वानंदी घरी आली. दोन मोठ्या बॅगा, बाबाचा जुना स्वेटर अंगात, आणि तोंड इतकंसं झालेलं. मी म्हटलं, “जेवत नव्हतीस का?” तर म्हणाली, “जेवायचे की.” पहिल्या रात्री वरण-भात-तूप तीनदा घेतला. सुरेशने माझ्याकडे बघितलं, बघ, असं. मी वाढत राहिले.

ते दिवस चांगले होते, हेही सांगते. ती माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात यायची, ओट्यावर चढून बसायची, कामावर कोण काय म्हणालं ते विचारायची. आमच्या विभागातली ती समोआची सिना, तिचे किस्से ऐकून खदाखदा हसायची. मी मनात म्हणायचे, हे असंच राहू दे रे देवा. आणि ती खोलीत गेली की मी दाराशी उभी राहून कानोसा घ्यायचे, फोनवर कोण आहे ते. एकदा तिने दार उघडलं आणि मी समोर. हातात झाडू होता म्हणून वेळ निभावली.

“आई, ऑकलंड तुला इतकं का हवंय?” तिने एकदा विचारलं.

“मला कशाला हवंय? तुझ्या भल्याचं बघतेय. पेपर वाया जात नाही, काका आहेत, नाव मोठं आहे. ते सोडून वेलिंग्टनच का, एवढंच विचारतेय.”

“मी सांगितलं ना.”

“सांगितलंस,” मी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि ओट्यावरून उतरून गेली.

मुदतीच्या आधीचा रविवार. दुपारी चारची वेळ, बाहेर इकडची जूनची थंडी मी म्हणत होती. सुरेश बाहेर गेला होता. बेल वाजली, स्वानंदीने दार उघडलं. दारात आशालताकाकू, आणि त्यांच्या मागे खणाचा कुर्ता घातलेली प्रमोदिनी परचुरे, हातात मोठा डबा.

“सहज आलो हो,” काकू म्हणाल्या.

सहज म्हणजे काय ते मला कळतं. पण दारातून परत कसं पाठवणार? बसा म्हटलं. प्रमोदिनीने डबा माझ्या हातात दिला. ओल्या नारळाच्या करंज्या होत्या. स्वानंदीला म्हटलं चहा टाक, म्हणजे निदान ती आत जाईल. पण आमचं स्वयंपाकघर आणि बसायची खोली एकच. प्रमोदिनी तिच्याकडे बघत होती, केसांच्या बुचड्यापासून पायातल्या लोकरी मोज्यांपर्यंत. मी ती नजर ओळखते. माझ्याकडेही एकदा पुण्यात असंच कोणीतरी बघितलं होतं.

“साधी आहे हो मुलगी,” प्रमोदिनी मला म्हणाली. “आम्हाला अशीच आवडते.”

“साखर किती?” मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

“आमची घाई मुळीच नाही बरं का, मैत्रेयी. तिची डिग्री होऊ दे, नोकरी लागू दे, दोघं एकाच युनिव्हर्सिटीत असतील, होईल ओळख. गंधारला विचारलं तर म्हणतो, आई, मी तिला बघितलंसुद्धा नाही, दोन ईमेल केलेत फक्त, पेपरबद्दल. चिडलाच माझ्यावर! पण मुलं घरात असंच सांगतात. म्हटलं, मुलीकडून एवढी विचारणा झालीय, तर आपण जाऊन यावं.”

स्वानंदीच्या हातात ट्रे होता. “कसली विचारणा?” ती म्हणाली.

“अगं, लाजतेस काय!” काकू म्हणाल्या. “तुझ्या आईनेच नाही का मला फोन केला? मुलगा कसा, घर कसं, म्हणून.”

स्वानंदीने ट्रे टेबलावर ठेवला. एकही कप हिंदकळला नाही. “एक्स्क्यूज मी,” म्हणाली आणि खोलीत निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मी मग काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. गैरसमज झालाय, मी तसं विचारलं नव्हतं, मुलं लहान आहेत. प्रमोदिनीचा चेहरा उतरला. “मग आमच्या मुलाची उंची कशाला विचारलीत?” ती म्हणाली. मी काकूंकडे बघितलं. काकू करंजीकडे बघत होत्या. चहा तसाच ठेवून दोघी गेल्या. आपलंच हसं झालं होतं आणि ते वेलिंग्टनभर पोचायला संध्याकाळसुद्धा लागणार नव्हती.

मी खोलीचं दार ढकललं. ती पलंगावर बसली होती, फोन हातात. गंधारचा ईमेल आला होता. तिने मला वाचूनच दाखवला. त्याने इंग्रजीत माफी मागितली होती, की आईने जे केलं त्याबद्दल सॉरी, आणि जुलैपासून तोच गणिताच्या त्या पेपराचे ट्युटोरियल्स घेणार आहे, तर तिला अवघडल्यासारखं वाटत असेल तर तो वर्ग दुसऱ्या कोणाला तरी घ्यायला सांगेल.

“आता मी त्या वर्गात कुठल्या तोंडाने बसू?” ती म्हणाली. “सांग ना, आई.”

“अगं, मला वाटलं तुमचं काहीतरी...”

“काहीतरी काय? मी त्याला दोनदा ईमेल केलंय. त्याचा चेहरा मला माहीत नाही.”

“मग तू वेलिंग्टनच का म्हणत होतीस? एवढं ऑकलंड सोडून? आणि रोस्टर कशाला मागितलास माझा?”

तिने फोन पलंगावर ठेवला.

“तुझ्या ट्रेनने जायचं होतं मला,” ती म्हणाली. “सकाळी तुझ्याबरोबर. म्हणून तुझ्या शिफ्ट बघून क्लासेस लावले होते. तू बुधवारी सकाळची आहेस म्हणून बुधवारची लॅब सकाळची धरली. दुपारची जास्त चांगली होती, तरी सकाळची.”

मी तिथेच पलंगाच्या कडेला टेकले.

“डनीडनला माझं कोणाशी जमलं नाही, आई. दीड वर्षं मी खोलीत एकटी जेवलेय. फोनवर ऑल गुड म्हणायचे, कारण नाहीतर तू चौकशी केली असतीस. कोणाशी भांडलीस का, अभ्यास जमत नाही का, कोणी मुलगा आहे का. म्हणून मी ठरवलं काहीच सांगायचं नाही, नुसतं घरी यायचं. आमटी करायला शिकून यायचं. आणि तरी मी तुला सांगितलं होतं. पहिल्याच फोनवर. मला घरी यायचंय, असंच म्हटलं होतं मी. काय म्हणालीस तू?”

मला आठवत होतं.

“ते ठीक आहे गं, पण खरं कारण काय,” ती म्हणाली. अगदी माझ्या आवाजात.

तेव्हाच मी गप्प राहिले असते तर! पण माझ्या तोंडाला कुठे धीर आहे. मला वाटलं सगळं खरं सांगून टाकलं तर ती विरघळेल. म्हटलं, “बुधवारी माझी उशिराची शिफ्ट असते. मी रोस्टर उलटा लिहून पाठवला होता. मला वाटलं, घर रिकामं कधी असतं ते तू बघतेयस.”

ती रडली नाही की ओरडली नाही. मान हलवली, आणि इंग्रजीत म्हणाली, “ओके. थँक्स फॉर टेलिंग मी.” त्यानंतर शुक्रवारपर्यंत माझ्याशी ती मराठीत एक शब्द बोलली नाही. मागे मागे येणं नाही, ओट्यावर बसणं नाही. जेवायला बोलावलं की “आय ॲम गुड.”

सुरेशने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता चिडेल. तो एवढंच म्हणाला, “दैव देतं आणि कर्म नेतं.” मी त्याच्यावर खेकसले, “म्हणी ऐकायला नाही सांगितलं तुला, तिला समजाव!” त्याने प्रयत्न केला. तिने त्याला शांतपणे समजावलं की ऑकलंडला सगळे पेपर धरतात, इंटर्नशिप आहेत, काकांची खोली आहे. सगळे माझेच मुद्दे, माझ्याच क्रमाने.

शुक्रवारी मी रजा टाकली. ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. मी समोर बसले. कधी कोणापुढे हात पसरले नाहीत मी, नवऱ्यापुढे नाही की साहेबापुढे. त्या दिवशी पसरले.

“स्वानू, नको जाऊस गं,” मी म्हटलं. “मला ऑकलंड नकोय. नाव नको, इंटर्नशिप नको. मला तू घरी हवी आहेस.”

तिने वर बघितलं. राग नव्हता तोंडावर. “ते ठीक आहे, आई,” ती म्हणाली. “पण खरं कारण काय?”

मी म्हटलं, “हेच कारण आहे.”

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, विश्वास बसला. कदाचित बसलाही असेल. पण मग ती खाली बघून म्हणाली, “मला आता इथे बसून रोज वाटेल, तू दाराबाहेर उभी आहेस.” आणि तिने ऑकलंडला होकार कळवला.

जुलैत ती गेली. विमानतळावर या वेळी मागे वळली आणि हात हलवला, तोही सुरेशकडे बघून की माझ्याकडे, मला सांगता येणार नाही. पुढच्या आठवड्यात मंडळाच्या कार्यक्रमात जो तो अभिनंदन करत होता. ऑकलंड! वा! आशालताकाकू तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आजकालची मुलं ऐकतात कुठे, पण हिच्या मुलीने आईचंच ऐकलं हो शेवटी.” मी पेढे वाटले. प्रमोदिनीने घेतला नाही.

आता मी दर रविवारी माझा आठवड्याचा रोस्टर स्वानंदीला पाठवते. खरा. तिने मागितलेला नसतो. पहिले काही रविवार तिचं काहीच उत्तर नव्हतं, नंतर अंगठा यायला लागला. सकाळच्या ट्रेनमध्ये मी खिडकीशी बसते आणि शेजारी पिशवी ठेवते. कोणी येऊन उभं राहिलं की उचलते, नाहीतर नाही.

काल बुधवारी माझी शिफ्ट बदलली होती, उशिराच्या ऐवजी सकाळची. रोस्टरात तसं लिहिलं होतं. ट्रेनमध्ये बसले आणि फोन वाजला. तिचा मेसेज, मराठीत. “आज बुधवार असून सकाळची का गं?”

आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिलं काय आलं, तर ही का विचारतेय? हिला काय करायचंय? काही झालं असेल का, कोणी काही बोललं असेल का? मी तसं लिहिलंसुद्धा, “का गं, काय झालं?” मग ते पुसलं. बराच वेळ फोन हातात धरून बसले. स्टेशन आलं तेव्हा लिहिलं, “सिनाला बरं नाही, म्हणून बदलली. तू काही खाल्लंस का?”

उत्तर यायच्या आत मला उतरावं लागलं.